गडग्याच्या अलीकडचं कलम

सूड उगवायला लोक काय काय वापरतात. मी पुठ्ठ्याचा चष्मा वापरला.

रत्नागिरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, हे पोटापाण्याचं काम. नाद मात्र वेगळा. एकाच जागेचे दोन फोटो काढायचे, दुसऱ्या वेळी कॅमेरा वीतभर बाजूला सरकवायचा, आणि एक लाल, एक निळा असे दोन्ही एकावर एक छापायचे. एक काच लाल, एक निळी असलेला पुठ्ठ्याचा चष्मा लावला की एकेका डोळ्याला एकेकच फोटो दिसतो, आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिलं की झाड कागद सोडून पुढे येतं. नवरा याला पोरखेळ म्हणतो. म्हणू दे.

पावसला आमची बाग. आमच्या आणि चुलत भावाच्या बागांच्या मध्ये गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली बुटकी भिंत. तिच्या अलीकडे, आमच्या बाजूला, हापूसचं एक कलम. मी जन्मले त्या वर्षी बाबांनी लावलेलं. त्याच्याखालीच मी आणि हा चुलत भाऊ वाढलो. बेचकीने कैऱ्या पाडायच्या, मीठ लावून खायच्या. तो माझ्याहून वर्षाने लहान. एकदा त्या झाडावरून पडला आणि आठवडाभर डोळ्याला पट्टी बांधून हिंडला. क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूला बाद व्हायचा, म्हणून आम्ही त्याला संघातच घेत नसू.

बाबा गेले आणि त्याच पावसाळ्यात गडगा ढासळला. भावाने तो परत रचला, तो झाडाच्या आमच्याकडच्या बाजूने. गणपतीला गेले तर माझं कलम पलीकडे! जाब विचारला तर म्हणतो, "ताई, गडगा पहिल्यापासून इथेच." सरकारी मोजणीला अर्ज केला, पण तिचा नंबर लागेपर्यंत थांबणारी मी नव्हे. गावच्या देवळात गावकीची बैठक बोलवायला लावली. तिथे हा उभा राहून म्हणाला, "काकांनीच आमच्या हद्दीत चोरून कलम लावलं होतं."

बाबांना चोर म्हणाला! वाऱ्याने आमच्या अंगणात पडलेला शेजाऱ्याचा नारळ सकाळी त्याच्या पायरीवर नेऊन ठेवणारा माझा बाप. माझं डोकंच फिरलं. मला मग झाडाशी देणंघेणं उरलं नाही. याच देवळात, याच्याच तोंडून, "काका चोर नव्हते" हे वदवून घ्यायचं होतं.

दहाएक वर्षांपूर्वी आमच्या बागेत उभी राहून त्या कलमाचे मी असे दोन फोटो काढले होते. साध्या फोटोत काही कळत नव्हतं, कारण खोडाचा बुंधा करवंदीच्या जाळीत बुडालेला, आणि गडगा जाळीच्या डावी-उजवीकडे तेवढा दिसणारा. झाड त्याच्या पुढे की मागे, हे चष्मा लावल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मी घाईघाईने दाराएवढा फ्लेक्स छापला आणि पुढच्या बैठकीत टांगला, चष्मे वाटले.

जळ्ळं मेलं ते चित्र! फोटो मोठा केला तशी दोन चित्रांमधली फटही मोठी झाली. प्रत्येक फांदीला भुतासारखी दुसरी फांदी. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकत होती. एक म्हातारबुवा चष्मा काढून म्हणाले, "काय गो, हय तर दोन दोन झाडां दिसतत. एक तू घे, एक त्याका दे!" सभामंडप खदखदून हसला. भाऊ सगळ्यात मोठ्याने.

हस मेल्या, म्हटलं. तुझे दात तुझ्याच घशात घालते.

महिनाभर मी त्या चित्रामागे लागले. पहिली गोम कळली ती जांभ्याची. दगड लाल, काचही लाल. एका डोळ्याला गडगा पांढराफटक, दुसऱ्याला काळाकुट्ट, मग डोकं दुखणार नाही तर काय? दोन्ही फोटोंमधला मूळ रंगच काढून टाकला, करडे केले, आणि मग लाल-निळे चढवले. आकार निम्म्यावर आणला. दोन्ही चित्रं बरोबर खोडावर जुळवली, म्हणजे खोडाला भूत राहिलं नाही. उजळ आभाळापुढच्या काळ्या फांद्या जास्त त्रास देत होत्या, तिथला काळ्या-उजळाचा फरक मऊ केला. निळ्या शाईचे फिके-गडद चौकोन छापून एकेक चष्म्यातून पाहिला आणि लाल काचेतून जो बरोबर काळा दिसला तो ठेवला. कागदही बिनचमकीचा घेतला. दर वेळी बटण दाबताना भावाचं हसणारं तोंड डोळ्यांपुढे आणायचे. हात आपोआप चालायचे.

तिसऱ्या बैठकीत चष्मा लावल्या लावल्या तेच म्हातारबुवा हात पुढे करून खोड चाचपायला लागले. "अरे, कलम अलीकडे! गडगा पार मागे!" एकेक करत सगळे तेच म्हणाले. मी चष्मा भावाच्या हातात दिला. ह्या क्षणासाठीच तर सगळं केलं होतं.

त्याने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. म्हणाला, "मला काय पुढे-मागे दिसत नाही."

"खोटारड्या!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "एक डोळा मिटून बघतोस! बघ नीट, आणि म्हण, काका चोर नव्हते!"

त्याने चष्मा काढला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "डावा मिटायची गरज नाही ताई. त्याला नुसता उजेड कळतो. तुझ्या बेचकीचा दगड. तुला मार बसेल म्हणून झाडावरून पडलो असं मीच घरी सांगितलं." चष्मा माझ्या हातात ठेवत म्हणाला, "डोळा गेला माझा. एक झाड घेतलं तर तुझं काय जात होतं?"

दगड लागला होता, हे मला माहीत होतं. डोळा गेला, हे मात्र त्याने कधी कळू दिलं नव्हतं. घरात सगळे पडला म्हणाले, मीही पडला म्हणाले, आणि इतकी वर्षं म्हणत राहिले की मला तेच खरं वाटायला लागलं.

मग तो सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "काका चोर नव्हते." आठवड्यात गडगा स्वतः उचलून मागे रचला. माझा राग गेला असं नाही. बाबांना म्हणाला ते म्हणालाच.

ते चित्र आता स्टुडिओत आहे. परवा चष्मा लावला आणि डावा डोळा हाताने झाकला. महिनाभर घासून सुधारलेलं माझं चित्र, पण झाड गडग्याला चिकटून बसलं. कितीतरी वेळ बघत राहिले. कलम आमच्या बाजूला होतं की त्याच्या, मला सांगता येईना.