बापाच्या पानावरचा वडा

मला सांगायला लावू नका, असं मी तीनदा म्हटलं. पण चहा पुढे ठेवलात आणि दार अडवून बसलात, तर आता ऐका. दत्तूने ही गोष्ट बाजारात सांगितली, जेटीवर सांगितली, एका लग्नाच्या पंगतीतही सांगितली. त्याच्या सांगण्यात मी शेवटी धोतर सावरत पळतो. मी पळालो नाही. माझे गुडघे पळण्यासारखे आहेत का? जे झालं ते मी एका जागी उभा असताना झालं.

तर माझं पोट कापलेलं आहे, हे आधी डोक्यात ठेवा. शिमगा झाल्यावर मुलाने मला गोव्याला नेलं आणि तिथल्या डॉक्टरने पोटाचा मोठा भाग काढून टाकला. वजन उतरायला. गुडघे बोंबलत होते, साखर चढली होती, स्कूटरवर मागे बायको बसली की पुढचं चाक उचलायचं. डॉक्टर म्हणाला, "काका, आता तुमचं पोट केळ्याएवढं."

मी विचारलं, "कुठलं केळं?"

तो म्हणाला, "म्हणजे?"

म्हणजे काय म्हणजे? वेलची आणि राजेळी यात फरक नाही? एवढा शिकलेला माणूस! वर त्याने एक कागद दिला. त्यात तळलेलं बंद. मी चौथीपर्यंत शिकलोय, पण 'बंद' मला वाचता येतं.

आता माणसाला काहीतरी व्यसन असतं. मला वडा. तो मुंबईचा बटाटा कोंबलेला नव्हे. आपला, तांदूळ-उडदाच्या पिठाचा, हातावर थापून तेलात सोडला की टम्म फुगतो तो. कोंबडीच्या रश्शाबरोबर बारा खायचो, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर दहा, आणि नुसत्या चहाबरोबर बायको ओरडेपर्यंत.

आमची सून माधुरी शाळेत शिकवते. तिला वाटतं, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. तिने एअर फ्रायर नावाचं यंत्र आणलं. तेल नाही, आत नुसता गरम वारा फिरतो. वाऱ्याने वडे होत असते तर आमचा अख्खा किनारा एव्हाना तळून निघाला असता. पहिला वडा ताटात आला. फुगला नव्हता. रुसून बसल्यासारखा होता.

"कसा झालाय, बाबा?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "कुकरच्या झाकणाला बसतो का बघ."

मग नाचणीचा झाला. मग भोपळा किसून घातलेला. मग एके दिवशी इडलीच्या भांड्यात उकडलेला! त्याला वडा म्हणायचं असेल तर मला पैलवान म्हणा. मी तिला म्हटलं, "गणपती उकडलेलं खातो ते त्याचं त्याला. मला कशाला?" ती हसली. वाईट मुलगी नाही ती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

असे सहा महिने गेले. आणि पितृपक्षात आला आमच्या बापसाचा म्हाळ.

म्हाळाला वडे लागतातच. भाऊबंद जेवायला आलेले, बारा-तेरा माणसं. त्यांच्यासाठी चुलीवर कढई चढली. माझ्यासाठी यंत्र चालू झालं. माधुरी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली, वड्यांकडे तोंड आणि माझ्याकडे डोळे. तिथून मुंगीही वडा नेऊ शकली नसती.

पण एक वडा होता, जो माझ्या हातातून जाणार होता. बापसाच्या पानावरचा! कावळ्याचं पान परसात दगडी गडग्यावर ठेवायचं काम थोरल्या मुलाचं. थोरला मीच. बायकोने मामंजींसाठी म्हणून मुद्दाम मोठा तळला होता. काय सांगू, पौर्णिमेसारखा होता.

आता मी केलं ते वाईट केलं, मान्य आहे. माझ्या वाटणीचा यंत्रातला वडा मी आधीच कनवटीला लावला होता. पान घेऊन निघालो, फणसाच्या आड क्षणभर थांबलो आणि अदलाबदल केली. बापसाला यंत्रातला, मला कढईतला. पण कढईतला कनवटीला लावतो तर चटका! अंगात सदरा नाही, खिसा नाही. मग डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, त्याच्या आत ठेवला.

तिथल्या तिथे का नाही खाल्ला, असं दत्तू विचारतो. अरे, कावळा शिवायच्या आधी कोण जेवतो का? मी बापाचा वडा चोरला असेल, पण बापाच्या आधी जेवणारा मी नव्हे.

पान ठेवलं. हात जोडले. सगळे मागे येऊन उभे राहिले. कावळे आले, माडावर बसले आणि बसूनच राहिले.

दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. एक कावळा गडग्यावर उतरला, वड्याकडे एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं आणि परत गेला. शेजारी खीर होती, भात होता, त्यांनाही चोच लावली नाही.

बायको घाबरली. "मामंजीनू, काय चुकला-माकला असात तर पदरात घेवा. पोरां-टोरां उपाशी आसत."

कावळा हलेना. भुकेली माणसं फार विचार करायला लागतात. कोण म्हणे बापसाला वार्षिक जत्रेची आठवण झाली. कोण म्हणे विडी ठेवायची राहिली. विडी ठेवली. तरी नाही. आणि मग आमचा चुलतभाऊ दत्तू पुढे आला.

दत्तूचं घर माझ्या घराच्या मागे. त्याची रिक्षा रस्त्यावर उभी असते, कारण माझ्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जाणारी वाट मी गडगा घालून बंद केलेली आहे. वीस वर्षं झाली. त्याने एकदा माझ्या आंब्याची फांदी न विचारता तोडली होती. शेवटच्या घटकेला बापूस मला म्हणाला होता, "दत्तूक वाट दी." हे फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

दत्तू म्हणाला, "भाई, काकांचो जीव वाटेत अडाकलो हा."

"तुजो जीव जेवणात अडाकलो हा," मी म्हटलं.

"मगे काकांका दुसरा काय होया ता तू सांग!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघा हं आता माझी दशा. बापूस कशासाठी रुसला ते मला ठाऊक होतं. ते माझ्या डोक्यावर होतं. टॉवेल काढायचा, वडा पानावर ठेवायचा, कावळा आला असता, संपलं. पण बारा माणसांसमोर, सुनेसमोर, बापाच्या पानावरचा वडा डोक्यातून काढायचा?

तेवढ्यात तेलाचा एक ओघळ कानामागून मानेवर आला.

"बाबा, तुम्हाला घाम सुटलाय," माधुरी म्हणाली. "बरं वाटतंय ना?"

मी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, दत्तूक वाट दिलंय. उद्या गडगो काढतंय. आता तरी घास घेवा."

वीस वर्षांचा गडगा मी एका वड्यासाठी दिला. तुमच्यापैकी कोणी दिला असता? नाही ना? म्हणून तुम्ही शहाणे आणि मी इथे बोलतोय.

माडावरचा कावळा उडाला. मला तेव्हा उमगलं की इतका वेळ तो पानाकडे बघतच नव्हता. तो सरळ माझ्या डोक्यावर येऊन बसला, टॉवेलात चोच घातली, वडा ओढून काढला आणि फणसावर जाऊन सगळ्यांसमोर खायला लागला.

माधुरीच आधी बोलली.

"बाबा, तो वडा होता."

मी म्हटलं, "होय."

दुसरं काय म्हणणार?

"शिवलो!" दत्तू ओरडला. "कावळो शिवलो! काकांनी वाट मंजूर केल्यानी! चला, पानां वाढा!"

माणसं हसत हसत जेवायला पळाली. मी तिथेच उभा. म्हटलं, आता माझी फजिती एवढ्यावर संपली. पण बायको जवळ आली, तोंड पांढरं पडलेलं.

"अवो, कावळो तुमच्या डोक्यार बसलो!"

हे तुम्हाला सांगायला नको. कावळा डोक्यावर बसला की माणूस जातो म्हणतात. त्याला उतारा एकच. माणूस गेलाच अशी खोटी बातमी जवळच्या कोणाला तरी कळवायची. ते ढसाढसा रडलं की आलेलं टळतं, मग खरं सांगायचं. मी म्हटलं, "करा काय ता." मलाही जरा भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

वेंगुर्ल्याला दिलेली माझी धाकटी बहीण शेवंती, तिला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. बायकोने पदर तोंडाला लावून असा हंबरडा फोडला की मलाच भरून आलं.

"शेवंती गो! तुजो दादा आमका सोडून गेलो गो!"

मी कान लावून उभा. रड बाई, म्हटलं मनात. जत्रेला खांद्यावर बसवून नेत होतो तुला. रड.

मग ती म्हणाली, "वडो खाल्ल्यान मां?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "नाय गो. खावक गावलो नाय."

"मगे तो जावचो नाय," शेवंती म्हणाली. "तोंडार पाणी मार, उठात." आणि फोन ठेवला.

एक टिपूस गाळलं नाही! म्हणजे उताराही झाला नाही, गंडांतर अजून माझ्या डोक्यावर आहे. दुसऱ्या दिवशी गडगा काढला. दत्तूची रिक्षा आता माझ्या खळ्यातून जाते आणि माझ्या दारासमोर हॉर्न वाजवते. यंत्रातला वडा परसात आठवडाभर पडून होता, मुंग्याही वळसा घालून जात होत्या.

दत्तूला मी काही म्हणत नाही, वाट बापसाने सांगितलेलीच होती. कावळ्यालाही नाही, तो बापूस असेल तर वडा त्याचाच होता. पण सख्खा भाऊ मेला म्हटल्यावर जिने आधी कारण विचारलं, आणि बरोबर तेच विचारलं, तिने अजून माझी माफी मागितलेली नाही. नाव परत सांगतो, विसरू नका. वेंगुर्ल्याची शेवंती.