लाखेचं सील आणि परीक्षा विभागाचं डोंगल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण शिकल्यासवरल्या माणसांनी मिळून घातलेल्या त्या गोंधळाइतका वैताग मला कशानेच दिला नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही, विद्यापीठाचंही नाही.

मी तेव्हा जालन्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सोमवारी दुपारी विद्यापीठाचे कुलसचिव तक्रार अर्ज घेऊन आले. परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, निकाल उघडत नव्हते आणि गुणपत्रिकेसाठी पोरं फाटकावर बसली होती. सॉफ्टवेअरचा परवाना आणि देखभाल असं दोन्ही काम एकाच कंपनीकडे कंत्राटाने होतं. कंत्राटाची मुदतवाढ अडली होती. त्यामुळे कुलसचिवांचा तर्क तयारच होता. "कंपनीच्या माणसाने मुद्दाम बंद पाडलंय. तुम्ही गुन्हा दाखल करा, बाकी आम्ही बघतो."

'बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्यांनी आधी नीट काही बघितलेलं नसतं, हा माझा अनुभव. मी चौकशीसाठी अर्ज ठेवून घेतला.

संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर नाव न सांगता कुणीतरी बोललं, "शनिवारी त्या कंपनीवाल्यानं मशीनमागून काहीतरी काढून बॅगेत टाकलं. म्या बघितलं." मंगळवारी सकाळी आठला आमच्या हवालदाराने त्या तंत्रज्ञाला बसस्थानकावरून आणलं. तो संभाजीनगरच्या बसमध्ये बसला होता, मांडीवर बॅग. पळून चाललेला माणूस रंगेहाथ सापडला, असं मला वाटलं. हवालदाराने झडती घेऊन यादी केली: फाइल एक, डबा एक, चार्जर एक. मी यादीवर सही ठोकली. बॅग मुद्देमालाच्या कपाटात गेली.

तंत्रज्ञ सदतीस वर्षांचा, मूळचा कुंभार पिंपळगावचा. कंपन्या बदलल्या तरी विद्यापीठात राबणारा माणूस हाच.

"मशीनमागून काय काढलंस?"

"माझा चार्जर, साहेब. पण तिथं डोंगल लावलेलं असतं. पेन ड्राइव्हएवढी वस्तू. परवान्यासोबत येते. ती मशीनला लावलेली नसंल तर सॉफ्टवेअर उघडतच न्हाई. तेवढं जागेवर हाय का, बघायला सांगा."

"पळत कुठं होतास?"

"पळत न्हवतो. सरकारी नोकरीची कागदपत्र पडताळणी हाय आज, पाचच्या आत. वय बसायचं हे शेवटचं वर्ष हाय, साहेब. पत्र बॅगेत हाय, बघा."

मी ते सगळं जबाबात लिहून घेतलं आणि बॅग काही उघडली नाही. कुणाचं लग्न, कुणाची आई दवाखान्यात, कुणाची परीक्षा. ठाण्यात बसवलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी कुठंतरी जायचं असतं. कुलसचिवांना मात्र फोन केला. ते म्हणाले, "शनिवारीच आमची वार्षिक भांडार पडताळणी झाली. एकही वस्तू कमी नाही." मी फोन ठेवला आणि पुन्हा त्याच्यावर ओरडू लागलो. दुपारपर्यंत मी तेच प्रश्न विचारले आणि त्याने तीच उत्तरं दिली. फक्त मधूनमधून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा.

शेवटी कंटाळून त्याला घेऊन विद्यापीठात गेलो. त्याने मशीन वळवून दाखवलं. मागची जागा रिकामी होती.

"शनिवारी या खोलीत आणखी कोण आलं होतं?" मी विचारलं.

शिपाई म्हणाला, "भांडारपाल आल्ते, वस्तू मोजायला."

भांडारपाल म्हणजे निवृत्तीला टेकलेले, अत्यंत प्रामाणिक गृहस्थ. मी डोंगलचं विचारताच त्यांचा चेहरा उजळला. लोखंडी कपाट उघडून त्यांनी लाखेचं सील केलेलं पाकीट काढलं. आत ती इवलीशी वस्तू. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नोंदवहीचा क्रमांकही टाकलेला.

"बिलकुल सुरक्षित हाय, साहेब. महागाची वस्तू, मशीनमागं तशीच उघडी लटकून राह्यली होती. मागच्या तपासणीत एक वस्तू जागेवर न्हाई म्हणून मला नोटीस आल्ती. मंग म्हणलं, ही तरी सांभाळून ठेवावी."

पाकिटावर कुलसचिवांची सही होती. आमच्यामागून तिथं आलेल्या कुलसचिवांकडे मी बघितलं. "रोज ढीगभर कागद येतात हो," ते म्हणाले. मी चांगलाच भडकलो. ज्या वस्तूसाठी एका माणसाला सकाळपासून ठाण्यात बसवलं, ती तुमच्याच सहीखाली पडून आहे. सही करताना डोळे उघडे ठेवत जा, असं सगळ्यांसमोर सुनावलं. एवढं होऊनही भांडारपाल मागणीपत्राशिवाय डोंगल द्यायला तयार नव्हते. त्यांना तिथेच वाद घालत सोडून आम्ही निघालो. सव्वातीन वाजले होते.

"चल, तुझी बॅग घे आणि जा," मी ऐटीत म्हणालो.

ठाण्यात मुद्देमालाच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली हवालदाराच्या खिशात आणि हवालदार न्यायालयात साक्षीला. मोबाइल बंद. ठाणे अंमलदार मला धीर देत म्हणाला, "काळजी नका करू साहेब, बॅग बराबर सील करून ठेवलीय. कुठं जात न्हाई."

तंत्रज्ञ भिंतीला टेकून खाली बसला. त्याचं ते बसणं मला बघवेना.

मी पहार मागवली आणि कुलूप तोडलं. लाख फोडून फाइल बाहेर काढली. पहिलाच कागद पडताळणीचं पत्र होतं, आजची तारीख, वेळ पाचपर्यंत. खाली त्याच्या सगळ्या मूळ प्रमाणपत्रांचा गठ्ठा. त्याला जीपमध्ये बसवून मीच संभाजीनगर गाठलं. पोहोचलो तेव्हा कारकून खिडकी लावत होता. माझी वर्दी बघून त्याने ती पुन्हा उघडली. कागद तपासले गेले, शिक्का बसला.

बाहेर आल्यावर तो आभार मानेल असं मला वाटलं होतं. तो फाइल बॅगेत ठेवत शांतपणे म्हणाला, "साहेब, मी सकाळी आठलाच सांगितलं होतं."

कुलूप का तोडलं याचा खुलासा वरिष्ठांनी मागितला आणि मी तो दिला. त्या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की चौकशीत प्रश्न विचारणं सोपं असतं, मिळालेलं उत्तर खरं मानून एकदा तपासून बघणं जड जातं. काय हरवलं, कुठं बघायचं आणि त्याला कुठं जायचंय, हे तिन्ही त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. खुलाशासोबत झडतीची यादी जोडायची होती म्हणून ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. 'फाइल एक' एवढंच लिहिलं होतं, आणि खाली माझी सही होती.