तीन कोटेशनं आणि कालव्याचा चढ

आमच्या नानांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या दुकानातून घेतली नाही. सूनसुद्धा. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, मी पोळ्या लाटत होते, आणि माझ्या या सासऱ्यांनी ओट्याशी येऊन अगदी मायेने मला सांगितलं, "सूनबाई, तुझ्याआधी दोन ठिकाणी बघून आलो होतो. एक निफाडची, एक नाशिकरोडची. तू तिसरं कोटेशन." यात अपमानासारखं काही असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिघींतून पास झाल्याचा मला आनंदच व्हायला हवा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी लाटणं जरा जोरात फिरवलं, एवढंच.

सातपूरच्या एका कारखान्यात ते खरेदीचं काम बघत. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा झाडूही घ्यायचा नाही, असा तिथला नियम. माणसं निवृत्त होताना शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात, नाना हा नियम घेऊन आले. नव्वदीच्या सुमारास अख्ख्या कॉलनीत फ्रिज आले तरी आम्ही दोन उन्हाळे माठातलंच पाणी पीत होतो, कारण तिसऱ्या दुकानदाराने दर कळवला नव्हता. एकदा नानांची दाढ दुखायला लागली. ते तीन दंतवैद्यांकडे गेले, आणि तिसऱ्याच्या पायऱ्या चढता चढता दाढ आपली आपणच पडली. ती कागदात गुंडाळून घरी आणून मला दाखवत म्हणाले, "बघ, घाई केली असती तर?"

त्यांचं दुसरं पालुपद चढाचं होतं. "सपाटीवर सगळेच पळतात. चढावर काय करतो ते सांगा." हे ते गाडीबद्दल म्हणत, तसंच नगरसेवकाबद्दल, नव्या डॉक्टरबद्दल आणि कोणाच्या होणाऱ्या जावयाबद्दलही म्हणत. माझ्या स्वयंपाकाचं कोणी कौतुक केलं की म्हणत, "चार माणसांचा करते हो चांगला. पंचवीस पाहुणे येऊ देत, मग कळेल." पंचवीस पाहुणे आले. सगळे जेवून तृप्त झाले. नाना म्हणाले, "आज ऊन कमी होतं." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

हे सगळं मी हसण्यावारी नेत आले होते. पण माईंच्या मोगऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा माझं हसू आटलं.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर मखमलाबादच्या बाजूला, कालव्याच्या वरच्या अंगाला. भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा. त्यांच्या आईने लावलेला मोगऱ्याचा एक तुकडा धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या मामांनी, माईंकडेच ठेवला होता. माई तिथे जायच्या, खुरपायच्या, छाटायच्या, फुलं तोडून फुलबाजारात पाठवायच्या. घरात त्या फारशा बोलत नसत. मळ्यातून परतल्या की मात्र दारातूनच बोलायला लागत. पुढे गुडघे गेले. सिटी बस आणि रिक्षा कालव्याच्या पुलापाशी सोडत, आणि तिथून जो चढ लागे तो माईंना चढवेना. मामा एक दिवस घरी येऊन अवघडून म्हणाले, "आक्का, मोगरा तुझाच हाय. पन बघनारं कुनी नसलं तर झाडं काय कामाची? पोरगा द्राक्षं लावायची म्हनतोय. संक्रांतीपर्यंत छाटनीला आलीस तर ठीक, नायतर मला वावर मोकळं करावं लागंल." माईंनी मान हलवली आणि मामांना चहा दिला.

नानांची जुनी मोपेड भंगारात गेली होती आणि लायसनही केव्हाच संपलं होतं. माझे यजमान अंबडच्या कारखान्यात तीन पाळ्यांत अडकलेले. पण त्याच सुमाराला नाशिकमध्ये विजेच्या दुचाक्या आल्या होत्या. पेट्रोल नको, लायसन नको, पासिंग नको. मीच नानांना म्हटलं, "नाना, हलकीशी एक घेऊन टाका. माईंना मागे बसवून न्या." माझ्याच तोंडाने मी ही आफत ओढवून घेतली. गणपती नुकतेच उठले होते. मला वाटलं, दसऱ्याला गाडीला हार घालू.

दसऱ्याला कॉलनीत चार गाड्यांना हार पडले. नाना म्हणाले, "सणाला घेणारा डोळे झाकून घेतो." तोवर त्यांची तीन दुकानं ठरली होती. त्र्यंबक नाक्यावरची लाल, नाशिकरोडची चंदेरी आणि पंचवटीतली निळी. लाल दिसायला देखणी पण अंगाने जड. चंदेरीला सायकलसारखी पायडलं, म्हणजे बॅटरी संपली तर घरी तरी याल, पण गुडघ्यांची काशी करून. निळीचं बाकी सगळं बरं, फक्त तिचा चार्जर जुन्या टेबलफॅनसारखा घरघरायचा. दुकानदार म्हणे, "काका, एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर." नाना विचारत, "कोण बसलं होतं? किती वजनाचं? वारा समोरून होता की पाठून?" दुकानदाराने पाणी मागवावं, तर नाना बॅटरी किती वर्षांनी बदलायची यावर येत. त्यात ते दिवस भारनियमनाचे. वीज कधी जाणार आणि गाडी कधी चार्ज करणार याचं गणित आमच्या जेवणाच्या ताटावर मांडलं जाई. तुलना पुरी होण्याआधी लाल गाडीचं दुकानच बंद पडलं. नानांनी त्यालाही नापास केलं.

पण खरी परीक्षा होती कालव्याच्या चढाची. दोन माणसं घेऊन जी चढेल तीच गाडी घ्यायची. माईंनी चाचणीला बसायला साफ नकार दिला. "पडलो तर माझे गुडघे कुठं शोधत बसाल?" मग नानांनी भर जेवणात, सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं वजन किती असेल गं?" माईंनी त्यांच्या ताटात वाढायला घेतलेली भाकरी परत टोपल्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी नानांनी अंदाजाने कांद्याची एक गोणी आणली, वर थोडे बटाटे घातले आणि समाधानाने म्हणाले, "साधारण एवढीच."

त्यानंतरचे माझे रविवार कसे गेले हे मी माहेरीही सांगितलेलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. मुलं रस्त्यात दिसली की हात जोडतात. आणि मी चढाच्या मध्यावर, बाभळीखाली, हातात धोंडा घेऊन उभी असायची. माझं काम एवढंच की गाडी थांबली रे थांबली की मागच्या चाकाला धोंडा लावायचा. खालून नाना यायचे, मागे गोणी करकचून बांधलेली, चेहऱ्यावर असा भाव की विमान उडवताहेत. गाडी गुणगुणत यायची, मग कण्हायची, मग थांबायची. चंदेरी बाभळीच्या अलीकडेच बसली. निळी बाभळ ओलांडून गेली म्हणून मी धोंडा टाकून टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात ती उलटी घसरायला लागली. नाना वाचले. गोणी फाटली. कांदे टुणटुणत थेट कालव्याच्या पुलापर्यंत गेले. भाजीची पाटी घेऊन चाललेली एक बाई थांबून म्हणाली, "बाई, कांदं बाजारात विकायचं आस्तंय वो. हितं कोन घेनार?" मी खाली मान घालून कांदे वेचत राहिले.

दिवाळी गेली. थंडी पडली. माई येता-जाता कॅलेंडरकडे बघायच्या. एक दिवस मी न राहवून म्हणाले, "नाना, संक्रांत तोंडावर आली. तिकडे मोगरा उपटून टाकतील, आणि तुम्ही कांदे फिरवताय!" ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या महिन्यात एक नवीन मॉडेल येतंय म्हणे." मी आत जाऊन रडले. दुःखाने नव्हे, संतापाने. तेव्हा मला ते खरोखर नकोसे झाले होते.

निळीच्या दुकानदाराचीही सहनशक्ती संपली. तो स्वतः गाडी आमच्या दारात लावून गेला. "काका, आठवडाभर ठेवा. पण दुकानात येऊ नका."

संक्रांतीच्या आधीचा रविवार. त्या दिवशी माई माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. पिशवीत छाटणीची कात्री होती. म्हणाल्या, "काय व्हायचं ते होऊ दे. बसत-उठत जाईन." पुलापाशी आम्ही दोघी उतरलो. नाना गाडी आणि नवी गोणी घेऊन आधीच एक फेरी करून बसले होते. नापास. कठड्यावर बसून टोपीने वारा घेत होते. माई गाडीकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शुभा, ती गोणी खाली उतरव."

मी उतरवली. माईंनी पदर खोचला आणि त्या गाडीवर बसल्या. पुढे.

"अगं, तुला येते का चालवायला?" नाना उठून उभेच राहिले.

"लग्नाआधी फुलांची पाटी मागं बांधून भावाच्या सायकलवर बाजारात जायची मी. याच चढानं. तुम्ही कधी इचारलं?"

साऱ्या नाशिकभर चौकशा करत हिंडलेल्या माणसाने ही एक चौकशी कधी केली नव्हती. माईंनी मूठ पिळली. गाडी जराशी डगमगली, मग सरळ झाली. बाभळीपाशी तिने नेहमीप्रमाणे कण्हायला सुरुवात केली. खाली पुलापाशी उभी असूनही मी सवयीने धोंडा उचलला. पण ती थांबली नाही. माई हळूहळू, कोणाला वाट विचारत जाव्यात तशा वर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ही टेस्ट धरता येणार नाही. लोडच नव्हता."

तो धोंडा मी कुणाच्या डोक्यात घातला नाही, हे माझ्या आईवडिलांचे संस्कार. छाटणी उरकून माई दुपारी ब्रेक दाबत दाबत खाली आल्या तेव्हा मी त्यांना नानांचं वाक्य ऐकवलं. माईंनी गाडी स्टँडला लावली, कांद्याच्या गोणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "लोड कोन होतं, ते अजून कळलं नाय का?"

घरी जाताना गाडी माईंनीच चालवली, नाना गोणी घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी नानांनी निळी गाडी घेतली. मागचा टायर नवा पाहिजे म्हणून दुकानात तासभर वाद घातला, तो भाग वेगळा.

मग वर्षानुवर्षं ते दोघं त्या गाडीवरून मळ्यात जात राहिले. माई पुढे, नाना मागे, हातात छत्री. कॉलनीतली माणसं हसायची, नाना त्यांना बॅटरीची माहिती द्यायचे. पुलापाशी आलं की माई गाडी थांबवायच्या आणि मागे न बघता विचारायच्या, "उतरलात का?" नाना उतरून सीटवर दोन थापा मारायचे. "उतरलो." मग माई गाडी घेऊन वर आणि नाना छत्री टेकत पायी. भर उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा चिडवलं, "काय नाना, चढावर काय करतो ते सांगा?" ते म्हणाले, "मी उतरतो. दुसरं काय जमणार मला?" आणि हसले. त्या दिवशी मला त्यांच्या दाढेपासून फ्रिजपर्यंत सगळ्याची माफी द्यावीशी वाटली. ती फार टिकली नाही, कारण संध्याकाळी त्यांनी पडद्याच्या कापडाचे तीन नमुने आणले.

ते गेले ते अचानक. छातीत दुखू लागलं. एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेलं. तिसरीकडे न्यायला त्यांनी वेळच दिला नाही. आयुष्यात दोनच कोटेशनांवर मिटलेला त्यांचा हा एकमेव व्यवहार.

दिवस झाले, पाहुणे पांगले. मोगरा कळ्यांनी भरल्याचा मामांचा निरोप आला. माई म्हणाल्या, "चल, तू बस मागं." मी बसले. हातात नानांची छत्री होती, का घेतली कोण जाणे. पुलापाशी माईंनी गाडी थांबवली आणि मागे न बघता विचारलं, "उतरलात का?"

विचारून झाल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. कालव्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मग मी उतरले, आणि सीटवर दोन थापा मारल्या. "उतरले."

माई गाडी घेऊन वर गेल्या. मी छत्री टेकत चढायला लागले. बाभळीपाशी धाप लागली. जाता जाता ही ड्यूटीही माझ्याच गळ्यात मारलीत ना, असं मनातल्या मनात नानांना सुनावलं, आणि तिथेच उभी राहून पोटभर रडून घेतलं. वर पोचले तेव्हा माई मोगऱ्याच्या बांधावर बसून होत्या. डोळे लाल. ओंजळीतल्या कळ्या पदरात टाकत त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"लय उशीर केलास," त्या म्हणाल्या. "त्यांना एवढा लागत नव्हता."