मी दिलेले तीन धक्के

भूकंपानंतर लातुरात जे तीन धक्के कोणत्याही यंत्रावर नोंदले गेले नाहीत, ते मी दिले होते.

त्या काळी घरोघरी स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचून ठेवत. ते कोसळले की पळायचे! आमचा मनोरा आईने स्वयंपाकघरातल्या फळीवर उभारला होता. मी तेव्हा तबला शिकत होतो (तबल्याचे मत वेगळे होते). गुरुजी सांगत, ‘‘रियाज एकाच पद्धतीचा नको. कधी बोल नुसते तोंडाने म्हणा, कधी अगदी संथ वाजवा, कधी टणक लाकडावर बोटे चालवा.’’ त्या रविवारी मी लाकूड निवडले ते बैठकीतल्या प्लायवूडच्या आडभिंतीचे. पलीकडून तिलाच आईची फळी ठोकलेली आहे, हे माझ्या ध्यानीही आले नाही.

दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, शिरलो आणि आत खणखणाट!

‘‘भाईर पळा!’’ आई ओरडली. सर्वांत पुढे मी पळालो, हे आज शरमेने नमूद करतो.

धरणी शांत झाली. आईने पेले रचले, मी रियाजाला बसलो. पुन्हा खणखणाट! तिसऱ्या वेळी तर सगळी गल्ली रस्त्यावर आली.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निर्णय दिला, ‘‘आता हितं ऱ्हायचं न्हाई. बाराच्या यष्टीनं समदे नांदेडला, मामाकडं!’’

‘‘अन् माझी परीक्षा?’’ धाकटी सुमी रडकुंडीला आली. शिकवणीच्या क्लासच्या पहिल्या तुकडीसाठी दुपारी तिची निवड चाचणी होती; वर्षभराची मेहनत पणाला लागलेली.

‘‘जीव ऱ्हायला तर परीक्षा!’’

तेव्हा कुठे मला उमगले, की मी थांबलो की धरणीही थांबते. मी हात जोडले, ‘‘अण्णा, तो भूकंप मी आहे.’’

‘‘भेदरून कायबी बोलायलास!’’

शेजारच्या गंगाकाकूंनी माझी बोटे निरखली, ‘‘ह्या काड्यांत एवढा दम हाय व्हय?’’

अखेर प्रात्यक्षिक ठरले. गल्ली स्वयंपाकघराच्या दारात दाटली, नजरा पेल्यांवर! बैठकीत आडभिंतीशी बसलेला मी इतका बावरलो, की पेला हलेचना. अण्णांनी पिशवी उचलली.

‘‘दादा, जोरात! माझं वरीस वाया जायलंय!’’ सुमी किंचाळली.

मी डोळे मिटून सारी विद्या ओतली. खण्ण! टाळ्यांचा कडकडाट झाला, सुमी चाचणीला धावली.

तेवढ्या टाळ्या मला पुन्हा कधीच मिळाल्या नाहीत. आणि त्याही पेल्यांसाठी होत्या!