मळ्याचे कागद

नोकरीतल्या पुष्कळ फिर्यादी मी विसरलो, पण एका पत्र्याच्या ट्रंकेची फिर्याद काही केल्या विसरता येत नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि मी रत्नागिरीत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका रविवारी दुपारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई धाकट्या बहिणीचा हात धरून ठाण्यात आल्या. निवृत्त शिक्षिका. सकाळी दोघी चर्चला गेल्या असताना मागच्या दाराने कोणीतरी ट्रंक नेली होती.

"दागिने किती होते?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"दागिने कसले? पत्रं होती. माझ्या पणजोबांची."

पणजोबा प्रोटेस्टंट मंडळीचे पाद्री, आणि भलते खमके सुधारक. चर्चमध्ये जातवार बसायची रीत त्यांनी मोडली, प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांना एकाच पेल्यातून प्यायला लावलं, उपासनेत ओव्या आणल्या. त्यापायी झालेली भांडणं, समेट, निबंध, सगळं मोडी लिपीत. दुसरी प्रत नाही. बाई मोठ्याने वाचायच्या आणि बहीण देवनागरीत उतरवायची. पुस्तक छापायचं होतं, काम निम्म्यावर आलं होतं. काचबिंदूने बाईंचा एक डोळा गेला होता आणि दुसराही चालला होता.

"डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर दिसेल. नंतर ती सापडून मला काय उपयोग हो साहेब?"

गुन्हा नोंदवला, घरी जाऊन पंचनामा केला. मग मी नेहमीचीच चूक केली. चार दिवस भंगारवाले पालथे घातले, मिरजोळ्यापर्यंत माणसं पाठवली. हाती शून्य. शेवटी आमच्या हवालदाराने तोंड उघडलं. हा गडी देवरुखकडचा, बोलायला कंजूष.

"साहेब, कपाटातल्या बांगड्या तशाच आहेत. कागदच नेलेत. मोडी कोणाला लागते ओ? ज्याची जमिनीची केस चाललीय त्याला."

मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे मोडी कागद म्हटला की जमिनीचाच, दुसरं काही कोणाच्या मनातही येत नाही. आणि चोराला स्वतःला मोडी येत नसणार, म्हणजे तो वाचून घ्यायला कोणाकडे तरी जाणारच. जिल्ह्यात मोडी वाचून देणारे होते नव्हते तेवढ्यांना आम्ही फोन केले. तिसऱ्या दिवशी देवरुखहून भूमी अभिलेखमधल्या एका निवृत्त कारकुनाचा फोन आला.

"साहेब, एक गृहस्थ बसलाय समोरच्या हॉटेलात. म्हणतो, माझे कुळाचे कागद वाचा. मी सकाळपासून वाचतोय, त्यात नुसती प्रभू येशूची भक्ती. चहा पाजून बसवलाय, लवकर या."

तो गृहस्थ म्हणजे बाईंचा सख्खा शेजारी निघाला. पन्नाशीचा, पापभीरू, कधी ठाण्याची पायरी न चढलेला. असा माणूस दरडावला तर गप्प बसतो किंवा विचाराल त्याला हो म्हणतो. ठाण्यात आणून मी त्याला खुर्ची दिली आणि बोलू दिलं.

"मी काय चोर नाय ओ," तो रडायलाच लागला. "आजाच्या वेळेपासून एक मळा आम्ही कूळ म्हणून कसतोय. खोताकडचे म्हणतात, तुमचं कूळ लागलेलंच नाय. कागद दाखवा. कागद कुठून आणू? आणि एक दिवस कुंपणापाशी उभा होतो, तर बाई आत वाचतायत, 'मळा कुळांच्या हवाली करावा, दूरच्या खोताने मधे पडू नये.' माझ्या कानांनी ऐकलं! पूर्वी गावाचे अर्ज पाद्रीच लिहायचे. म्हटलं, आमचाच कागद हिच्याकडे, आणि ही बोलत नाय."

"मग विचारलं का नाहीस?"

"नाय म्हणाली असती तर?"

ओळख पटवायला बाईंना बोलावलं. जप्तीत प्रत्येक कागदाचं वर्णन हवं, म्हणून बाई भिंग लावून एकेका पत्राची पहिली ओळ वाचत होत्या आणि हवालदार लिहून घेत होता. मळ्याचं पत्र आलं तेव्हा त्या थांबल्या. शेजारी बाकावर मान खाली घालून बसला होता.

"अरे मेल्या, मळा म्हणजे मंडळी. चर्च! कुळं म्हणजे आपली इथली माणसं, आणि खोत म्हणजे विलायतेत बसून हुकूम सोडणारे मिशनवाले. आमचा कारभार आम्हाला करू द्या, असं भांडतायत ते." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्या आजाचं नाव यात असतं ना, तर मीच कागद घेऊन तुझ्या दारात आले असते. एवढं पण ओळखलं नाहीस मला?"

त्या माणसाने ओंजळीत तोंड लपवलं. मी उगाच फाइल चाळत बसलो.

मुद्देमाल निकालापर्यंत ठाण्यात अडकला असता. मी डॉक्टरांचा दाखला जोडून कोर्टात अहवाल दिला, आणि आठवड्यात ट्रंक सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या बोलीवर, घरी गेली. पुढे बाईंनी कोर्टाच्या परवानगीने तडजोडही केली. मात्र शेजाऱ्याला अट घातली: रोज संध्याकाळी येऊन लिहून घ्यायचं. बहिणीचा हात आता दुखायला लागला होता. "अर्धवट ऐकलंस म्हणून हे झालं, आता सगळं ऐक." तोही नियमाने जात राहिला. त्याला एक बरा वकीलही बाईंनीच गाठून दिला. त्याच्या जमिनीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

ह्या केसने मला एक गोष्ट शिकवली. माणूस आपल्या नडीपुरतं ऐकतो आणि तेवढ्यावर खुशाल शपथ घेतो. त्यानंतर नोकरीत होतो तोवर कोणाचाही जबाब मी त्याला शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय सही घेतली नाही. हाताखालचे वैतागायचे, वैतागोत.

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी बाईंचा फोन आला.

"साहेब, शेवटचं पत्र काल उतरून झालं."

"आणि डोळा कसा आहे?" मी भीत भीत विचारलं.

"दिसतंय हो, अजून दिसतंय!"