उरलेल्या रंगांचं घर

रंगाऱ्याचं घर आतून बघू नये, पाहुण्याची पंचाईत होते. लांबीकाकांकडे कुणी नवखा आला की तो आधी भिंतींकडे बघायचा, मग काकांकडे, आणि मग खोकल्याचं निमित्त करून हसू गिळायचा.

लांबी म्हणजे भिंतीतली भोकं आणि चिरा बुजवायचा लेप. काकांच्या हातची लांबी अशी की भिंतीवर माशी बसली तर घसरावी. स्वतः काका मात्र एवढे बुटके, की शिडीशिवाय त्यांना घरातला दिवाही बदलता येत नसे. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने एका दगडात दोन पक्षी मारले होते.

रंगाऱ्यापासून काही लपत नाही. दंतवैद्याच्या घरी नवराबायकोच्या खोल्या वेगळ्या कधी झाल्या, मास्तरांनी निवृत्तीनंतर निजायची खोली एकाएकी गुलाबी का करून घेतली, सगळं काकांना ठाऊक. बाहेर तोंडाला कुलूप. ते उघडायचं ते फक्त काकूंपुढे. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला डोकं टेकून काकू ऐकायच्या, पोट धरून हसायच्या आणि शेवटी ठरलेला टोमणा मारायच्या.

"जगाच्या भिंती नटवता. आपल्या भिंतींनी काय घोडं मारलंय हो तुमचं?"

"या वर्षी रंग काढतो की."

"काढाल, काढाल. मी गेल्यावर काढा. लोक भेटायला येतील तेव्हा घर तरी बरं दिसेल."

उभा संसार या रडगाण्यावर झाला. मग काकू विसरू लागल्या. आधी गॅसवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग आज सकाळी काय झालं ते. एकदा न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. तो त्यांना घेऊन गेला, शस्त्रक्रिया केली, चालतं केलं. पण त्याच्या घरात काकूंचं एकच पालुपद, "आता घरी सोडा मला."

शेवटी मुलाचा फोन आला. "बाबा, डॉक्टर म्हणतात, तिच्या घरी ठेवून बघा. रुळली तर राहू दे तुमच्याजवळ. नाही रुळली तर इथे एक संस्था आहे, चांगली आहे. मी विचारून ठेवलंय."

"संस्था कशाला? आपलं घर माणूस झोपेतसुद्धा ओळखतं," काका म्हणाले.

फोन ठेवला आणि त्यांनी घराकडे एक नजर टाकली. रंगाऱ्याची नजर. तिथेच घात झाला.

हिने जन्मभर मागितलं ते आता तरी द्यावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. दवाखान्याने खिसा झाडून नेला होता, पण पलंगाखाली डबे होते. प्रत्येक घरच्या कामात तळाशी थोडा रंग उरतोच. दंतवैद्याचा आकाशी स्वयंपाकघराला लागला. समोरच्या पार्लरवालीचा फिका हिरवा बाहेरच्या खोलीला. मास्तरांच्या गुलाबीत पांढरा ओतून त्याचा चावटपणा कमी केला आणि तो निजायच्या खोलीला दिला. बोळकांडीला एकही रंग पुरेना, म्हणून चार डब्यांचे तळ एकत्र ढवळले. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा एक बिननावाचा रंग निघाला, आणि तोच सगळ्यांत झकास दिसला.

पण त्याआधी भिंत साफ करायची असते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, कमरेच्या उंचीला, काकूंच्या तळव्याची काळपट तेलकट रेघ होती. अंधारात त्या भिंत धरून जायच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी डोक्याचा डाग होता. रंगाऱ्याला डाग म्हणजे वैरी. काकांनी पॉलिशपेपर घेऊन सगळं घासून काढलं, वर लांबी भरली, पुन्हा घासलं, मग रंगाचे दोन हात. आयुष्यात इतकं मन लावून त्यांनी दुसरी भिंत केली नव्हती.

मग काकूंची ट्रंक उघडली. मुलाचे पहिले बूट खिळ्याला टांगले. वर्षानुवर्षं जमवलेली बटणं काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवली, म्हणजे ऊन पडलं की चमकतील. काकूंच्या आईचा चष्मा एका चौकटीत बसवला. मोडक्या शिडीची मांडणी केली आणि तिच्यावर लग्नातला फोटो ठेवला. पार्लरवाली बघायला आली ती दारातच थबकली.

"काका, हे तर मासिकातलं घर झालं! काकू आता तुमच्या प्रेमातच पडणार."

"या वयात?" काका म्हणाले, आणि चक्क लाजले.

मुलगा काकूंना घेऊन आला. काठी टेकत त्या आत आल्या, चहूकडे बघितलं.

"अगंबाई, किती सुंदर!"

काकांची छाती फुगली. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर. चहा प्यायल्या, कप नीट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरंय, निघतो आम्ही. भाऊ, घर फार छान ठेवलंय हो तुम्ही."

भाऊ! दुसऱ्या कुणाच्या घरी असं घडलं असतं तर काकांनीच तो किस्सा रंगवून सांगितला असता.

"अगं, हे आपलंच घर," ते म्हणाले.

"गरिबाची थट्टा करू नका. आमचे हे रंगारीच आहेत, पण घरच्या भिंतीला ब्रश लावतील तर शपथ!"

मुलगा त्यांना ठेवून गेला. रात्री काकू उठायच्या, हात भिंतीवर ठेवायच्या आणि दोन पावलांवर थांबायच्या. हात काहीतरी शोधायचा. भिंत गुळगुळीत. तिथेच कपडे ओले व्हायचे आणि परक्याच्या घरी हे झालं म्हणून त्या रडायच्या. तो चाचपडणारा हात बघून काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी त्यांनी स्वतःचा तळवा तेलात बुडवला आणि भिंतीवर पुन्हा पुन्हा ओढला. पण एका सकाळचं तेल ते! नुसता ओघळ आला. वर काकू मागे येऊन उभ्या.

"अहो भाऊ, चांगली भिंत का नासवताय? घरात ओरडायला कुणी बाई नाही वाटतं?"

सामान मात्र त्यांनी ओळखलं, हे आणखी वाईट झालं. बटणांची बरणी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "ही माझी आहे. आणि हा माझ्या आईचा चष्मा. तुमच्याकडे कसा आला?" मग एकेक वस्तू काढून पिशवीत भरू लागल्या. पहिल्या दिवशी काकांनी त्या परत जागेवर लावल्या. पुढे लावेनात.

मुलगा आला, मोकळे खिळे बघितले. "बाबा..."

"माहितेय," काका म्हणाले. "ने तिला."

काकू दाराशी तयारच होत्या, केस विंचरून. बूट तेवढे उंचावर राहिले होते. काकांनी स्टूल घेतलं, ते उतरवले, पुसले आणि त्यांच्या हातात दिले.

"हे राहिलं होतं तुमचं."

"मी कुणाला सांगणार नाही हो," काकू हळूच म्हणाल्या. "माणूस चांगले आहात तुम्ही. नीट वागवलंत मला."

काकांनी स्टूल जागेवर ठेवलं. मग विचारलं, "घाई आहे का फार? बसा ना थोडं."

"नको भाऊ. आमचे हे वाट बघत असतील. मी नसले की जेवत नाहीत." काकूंचा चेहरा उजळला होता, किती तरी दिवसांनी त्या घरी निघाल्या होत्या.

मुलाने तोंड फिरवलं. काकांनी गाडीचं दार उघडून धरलं, काकूंची काठी आत ठेवली आणि म्हणाले, "मग उशीर नका करू. निघा."