आत्याच्या पेशींना शेपूट नव्हतं

अमरावतीला संशोधन करत असताना मी एकदा माझ्या आत्याशी शर्यत हरले. शर्यत पळण्याची नव्हतीच खरं तर. पळण्यात मी हरणार हे ती अकोल्याहून बसमध्ये चढली तेव्हाच ठरलेलं होतं.

माझा विषय असा : माणूस दमेपर्यंत पळतो तेव्हा त्याच्या पेशींमधल्या डीएनएचे धागे कुठे कुठे तुटतात. पेशी लगेच कामाला लागते आणि ते पुन्हा जोडते. कोणाचे धागे लवकर जोडले जातात, कोणाचे उशिरा. हा फरक व्यायामाच्या सवयीमुळे पडतो की जन्मतः मिळालेल्या जनुकांमुळे, हे मला शोधायचं होतं. विषय ऐकून लोक माझ्याकडे आदराने पाहायचे. मी स्वतः मात्र बस सुटत असली तरी पळत नसे, पुढची पकडत असे.

आमच्या मॅडमनी ते ओळखलं. "लोकांना पळवायच्या आधी स्वतः पळून बघ," त्या म्हणाल्या. "आणि सोबत रोज व्यायाम करणारं कोणीतरी आण. पद्धत नीट जमते का ते तरी कळेल."

मी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ऐन उमेदीत कबड्डी गाजवलेली, पुढे शाळेत खेळाची शिक्षिका, आणि निवृत्तीनंतरही रोज पहाटे अकोल्याच्या मैदानावर हजर.

"रक्त काढशीन माह्यं?" तिने विचारलं.

"थोडंसंच, आत्या."

"आन पयायचं बी?"

"हो."

"मंग येतो न वं! इतकं मजेचं काम, आन तू मले आता सांगून राहिली?"

ती आली. सलवार-कमीज, पांढरे बूट, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. प्रयोगशाळेत शिरताच तिने मॅडमपासून शिपायापर्यंत सगळ्यांना खणखणीत जयभीम घातला. आधी आमचं रक्त काढलं. मग आम्ही कॉलेजच्या जिममध्ये दोन ट्रेडमिलवर शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

पट्टा फिरू लागला. आत्या पळता पळता बोलत होती. कबड्डीच्या कुठल्याशा सामन्यात सहा जणींनी तिला कसं धरलं आणि ती त्या सहाही जणींना ओढत रेषेपर्यंत कशी गेली, हे ती साभिनय सांगत होती. मला हसू आवरेना, त्यात श्वास पुरेना. हसताना एक पाय पट्ट्यावर राहिला, दुसरा बाजूला गेला आणि मी दांड्याला लोंबकळले. रक्त घ्यायला थांबलेल्या ताईंनी धावत येऊन बटण दाबलं.

"मेली का वं?" आत्याने विचारलं. तिचं पळणं चालूच होतं.

थांबल्यावर लगेच पुन्हा रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेवरच्या पातळ जेलीत बसवायच्या, त्यांचं आवरण विरघळवायचं आणि मग वीज सोडायची. धागा अखंड असेल तर पेशी गोल राहते. तुटला असेल तर तुकडे विजेच्या ओढीने बाहेर पडतात आणि पेशीला धूमकेतूसारखं चमकतं शेपूट फुटतं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतःची काच ठेवली आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. सगळं आकाश धूमकेतूंनी भरलेलं! माझ्याच रक्तातलं.

आत्याला दाखवलं. तिने भिंगाला डोळा लावला आणि दोन्ही काचा आलटून पालटून पाहिल्या.

"हे शेपूटवाले कोनाचे?"

"माझे. पळून झाल्यावरचे."

"आन हे?"

"तुझे. तेव्हाचेच."

तिच्या पेशींनाही शेपटं होती, पण आखूड. दुसऱ्या दिवशीच्या काचेवर माझ्या बऱ्याच पेशी अजून शेपूट सांभाळून होत्या. आत्याच्या मात्र गोल, नितळ, जणू काही घडलंच नव्हतं.

"बापा! माह्याले शेपूटच नाई!" आत्या इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक धावत आले. तिने प्रत्येकाला रांगेत उभं करून आपल्या पेशी दाखवल्या.

मी मनाशी ठरवून टाकलं की आत्याला चांगली जनुकं मिळाली आणि माझ्या वाट्याला उरलंसुरलं आलं. आपल्या आळसाला इतकं सुंदर कारण मला कधीच मिळालं नव्हतं.

काही आठवड्यांनी जनुकांची तपासणी झाली. दुरुस्ती करणाऱ्या एका जनुकात काही माणसांत एका अक्षराचा फरक असतो आणि त्याने काम जरा मंद होतं असं मानतात. तो मंद प्रकार आत्याकडे होता, आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. माझ्याकडे एकही नव्हता.

मी प्रयोगशाळेतूनच अकोल्याला फोन लावला. आत्या मैदानावर होती, मागे पोरींचा गलका ऐकू येत होता.

"म्हंजे मले बिघडेल भेटलं?"

"बिघडलेलं नाही. जरा हळू."

"आन तुले चांगलं?"

"हो."

मला वाटलं, आता तिला वाईट वाटेल. पण ती जी हसत सुटली! "अवं, म्हंजे हे सारं म्या पयून पयून कमावलं!"

"तसं म्हणता येत नाही, आत्या. दोन माणसांवरून काही ठरत नाही. शिवाय जनुकं कितीतरी असतात."

"तुमचं नका ठरवू. माह्यं ठरलं!" आणि तिने फोन तोंडापासून दूर न करताच मैदानातल्या पोरींना ओरडून सगळी हकीकत सांगितली.

पुढे खूप माणसं पळवली, खूप काचा पाहिल्या. उत्तर एका ओळीत मावणारं नव्हतंच. काही मंद प्रकारवाले झटपट सावरत, काही चांगल्या प्रकारवाले रेंगाळत. सवय आणि जनुक एकमेकांत अशी गुंतलेली की वेगळं काढताना मॅडम आणि मी तासन्‌तास भांडायचो. मॅडम म्हणायच्या, गुंता खरा आहे, तोच लिही. मी तोच लिहिला.

पदवी मिळाली त्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. आत्याने पहाटे पांघरूण ओढलं आणि माझ्या मापाचे नवे बूट पायाशी टाकले. मैदानाची पहिली फेरी मी चालत, दुसरी धावत आणि तिसरी तिच्या कमरेची ओढणी धरून पुरी केली. पोटात कळ, तोंडात धूळ. मधेच मला आठवलं की या क्षणी माझ्या आत हजारो धागे तुटतायत आणि जोडलेही जातायत, आणि मी वेड्यासारखी हसायला लागले.

"काहून हसून राहिली?" आत्याने मागे वळून विचारलं.

सांगायला श्वासच नव्हता. मी नुसता हात हलवला, आणि आम्ही चौथ्या फेरीला लागलो.